चष्म्याचं सीमोल्लंघन

८ ऑक्टोबर १९७८, रविवार. सकाळी ९

चष्मा सोडण्याचा निर्णय घेतला. पक्का.

सरोजिनी नगरच्या पार्कात नेत्राचार्य भसीन यांचं शिबिर बघून आत्ताच आलो. ते म्हणतात, चष्मा ही डोळ्यांची कुबडी आहे. कुबडी काढा, डोळा आपोआप चालायला लागेल. चार व्यायाम. तळहातांनी डोळे झाकून अंधार बघणे. मिटल्या डोळ्यांवर उगवतीचं ऊन घेणे. हत्तीसारखं डावीउजवीकडे झुलणे. मेणबत्तीच्या उजेडात बारीक अक्षर वाचणे. चौदा आठवड्यांत गुण.

चौदा आठवडे म्हणजे बरोबर १४ जानेवारी. त्या दिवशी दिल्लीच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, १७६१ च्या लढाईच्या स्मारकस्तंभाला, काला अंबला जाते. तिथे मी नुसत्या डोळ्यांनी उभा असेन.

माझा नंबर उणे साडेसहा. देशाला स्वातंत्र्य मिळालं आणि मला चष्मा लागला, एकाच वर्षी. एकतीस वर्षं पुष्कळ झाली.

आणखी एक कारण. काल वृंदाच्या शाळेतून चिठ्ठी आली. मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासून घ्या. गणितात पंचवीसपैकी अकरा, कारण गणितंच फळ्यावरून चुकीची उतरवली. दहावीचं वर्ष. कुमुद म्हणाली, उद्याच सरकारी दवाखान्यात नेऊया. मी म्हटलं, बिल्कुल नाही. एकदा लागला की सुटत नाही, माझं उदाहरण समोर आहे. शिवाय चष्मेवाली मुलगी म्हटल्यावर स्थळं नाक मुरडतात. कुमुद म्हणाली, तुम्ही चष्म्यासकट मला बघायला आलात तेव्हा मी नाक मुरडतेय का, हे कुणी विचारलं नव्हतं. विषय बदलला.

बाप-लेक दोघंही भसीन पद्धत करणार. वृंदा म्हणाली, पण बाबा, डिसेंबरमध्ये हाफ-इयरली आहे. म्हटलं, तोवर फळ्यावरची धूळसुद्धा मोजशील.

११ ऑक्टोबर, बुधवार. दसरा

आज शिबिरात चष्मा अर्पण केला. लाकडी खोका आहे, त्यात टाकायचा. मागे वळून बघायचं नाही. बघितलं असतं तरी दिसलं नसतं. भसीनसाहेबांनी पाठ थोपटली. त्यांना मी आपल्याकडच्या दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची कल्पना समजावून सांगितली. बहोत अच्छा म्हणाले. ते स्वतः काळा चष्मा लावतात. एकाने विचारलं तर म्हणाले, मेरी नजर इतनी तेज है कि सामनेवाले को तकलीफ होती है. ही खरी सिद्धी.

कुमुदने हात धरून घरी आणलं. चारचौघांत तिने हात धरला त्याला सतरा वर्षं झाली असतील. पहिल्याच दिवशी फायदा.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

बस चुकली. खरं तर बस आली, मी चढलोही, पण ती दुसरी होती. पाटीवरचा नंबर कंडक्टरला विचारला. तो म्हणाला, बाबूजी, इतना बड़ा लिखा तो है. दिल्लीत लोकांशी बोलण्याची रीत नाही. ऑफिसात पाऊण तास उशीर.

१५ ऑक्टोबर, रविवार

दर्यागंजच्या फुटपाथवरून एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. विषय: पूर्वीचे विचित्र उपचार. अक्षर मुंगीएवढं, म्हणून घेतलं. व्यायाम आणि करमणूक एकत्र.

नाक पानाला टेकवलं की स्वच्छ दिसतं! एका आठवड्यात एवढी प्रगती. वरच्या मजल्यावरच्या उल्हास कर्णिकांना बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं. ते म्हणाले, श्यामकांतराव, ते तुम्हाला आधीही दिसत होतं. जवळचं दिसतं आणि लांबचं दिसत नाही, हाच तर तुमचा आजार आहे. उल्हास स्वभावाने नकारात्मक. उगाच सिगरेटी ओढत असतात.

पुस्तक मात्र भारी. युरोपात म्हणे बुडालेल्या माणसाला शुद्धीवर आणायला भात्याने तंबाखूचा धूर आत सोडत. तोंडातून नव्हे. डोळे आले की कपाळाला जळवा लावत. सगळं शिकलेल्या डॉक्टरांनी. लोक किती भोळे असतात. जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. कुमुद इतकी हसली की तिला ठसका लागला. माझ्याकडे बघून का हसत होती ते कळलं नाही.

वृंदा हसली नाही. म्हणाली, मॅडमनी मला पहिल्या बाकावर बसवलंय, तरी दिसत नाही. शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवते, मग मॅडम म्हणतात कॉपी करतेस. परीक्षेपुरता तरी चष्मा घेऊ द्या ना. मी शांतपणे समजावलं की परीक्षेपुरता चष्मा अशी गोष्ट नसते. ती उठून आत गेली. झुलायला गेली असावी.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

भसीनसाहेबांनी नवीन सांगितलं. डोळ्यांत मध. झोपताना एकेक थेंब.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

डोळे लाल. उशीवर मुंग्या. कुमुदने वृंदाचा थेंब घालू दिला नाही, बाटलीच कुठे तरी लपवली. घरात सहकार्य शून्य.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

काल दुपारी कुमुद आणि वृंदा वह्या आणायला म्हणून बाहेर गेल्या त्या तीन तासांनी आल्या. वह्या नाहीत. म्हणे दुकान बंद होतं. बायकांचं शॉपिंग.

३० ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ७

आनंदाची बातमी. आज बसस्टॉपवर वृंदाने समोरून येणाऱ्या बसचा नंबर सांगितला. मला ती बस आहे की हत्ती, हेसुद्धा कळलं नव्हतं. वाटेतल्या सगळ्या पाट्या वाचत आली. ड्रायक्लीनर, शिकवणी, भाड्याने खोली. अक्षरशः थांबेचना. तीन आठवड्यांत! कोवळ्या डोळ्यांवर गुण लवकर येतो हे भसीनसाहेब म्हणालेच होते.

फक्त एक. तिच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं आली आहेत. समोर बसली की स्पष्ट दिसतात, चांगली गोल. अभ्यासाचा ताण. कुमुदला सांगितलं, तिला रोज सहा बदाम भिजवून द्या. कुमुद एकदम स्वयंपाकघरात गेली. आईचं मन.

५ नोव्हेंबर, रविवार. रात्री ८

लक्ष्मीबाई नगरमधले सगळे क्वार्टर एकसारखे बांधणाऱ्याला एकदा भेटायचं आहे. तोच जिना, तोच हिरवा दरवाजा, आत उजवीकडे तीच वेताची खुर्ची.

संध्याकाळी फिरून आलो. दार उघडं होतं. चपला काढल्या, बसलो, आत आवाज दिला, चहा टाक, साखर कमी. बाईने आणून दिला. घोट घेतला तर कॉफी. म्हटलं, हे काय नवीन? कॉफी उत्तम होती म्हणून मी कौतुकही केलं, की लग्नाला अठरा वर्षं झाली, ही कला कुठे लपवली होतीस. तेवढ्यात आतून एक गृहस्थ आले आणि इंग्रजीत म्हणाले, आपण ऑडिटकडून आलात का? मद्रासकडचे. फार सभ्य. बाईंना वाटलं साहेबांचे पाहुणे, साहेबांना वाटलं बाईंचे.

मला न्यायला वृंदा आली. गल्लीच्या टोकावरून तिने मला त्या घराच्या उघड्या दारातून खुर्चीत बसलेलं ओळखलं होतं. गल्लीच्या टोकावरून! त्या गृहस्थांना मी लगेच भसीन पद्धतीची माहिती दिली. ते माझ्याकडे बघत होते, मग वृंदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. प्रभावित झालेले दिसले.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात अपमान. मी फाइलवर वाकून टिपण वाचत होतो. वाचायला नाक टेकवावं लागतं. अंडर सेक्रेटरी आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तबीयत ठीक नहीं तो घर जाके सोइए. म्हटलं, सर, पढ़ रहा हूँ. ते म्हणाले, नाक से? सगळा सेक्शन हसला. नाकाला शाई लागली होती हे नंतर कळलं. दुपारी तीच शाई घेऊन जॉइंट सेक्रेटरींच्या मीटिंगला बसलो होतो.

निश्चय: झुलण्याची वेळ दुप्पट करणे.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

झुलताना कपाटावर आपटलो. वेळ पूर्ववत.

२६ नोव्हेंबर, रविवार

पुस्तक आता वृंदा वाचून दाखवते. माझी मान धरली आहे. ती पुस्तक मांडीवर ठेवून ऐटीत वाचते, तळटिपांसकट. आज अमेरिकेतलं रेडियमचं पाणी झालं. पन्नास वर्षांपूर्वी श्रीमंत लोक टॉनिक म्हणून प्यायचे. एकाचा जबडाच झडला. मी म्हटलं, असे कसे लोक फसतात? समोर परिणाम दिसतोय तरी? वृंदा म्हणाली, पुढचं प्रकरण वाचू का? वाच म्हटलं.

पुढच्या प्रकरणात तळहातांनी डोळे झाकणे. मिटल्या डोळ्यांवर ऊन. झुलणे. बारीक अक्षर. सगळं. एका अमेरिकन डॉक्टरची पद्धत म्हणे, आणि खाली लिहिलंय की कुणाचाही नंबर याने उतरल्याचं सिद्ध झालेलं नाही. जळवा आणि रेडियमच्या रांगेत!

मग मी म्हटलं, लेखकाचा अभ्यास कमी पडला. ही पद्धत आपल्या ऋषींची आहे, असं भसीनसाहेब म्हणतात. आणि सिद्ध झालेलं नाही कसं? तू स्वतः हे वाचते आहेस, हीच सिद्धता. वृंदाने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, बाबा, तुम्ही जरा माझ्याकडे नीट बघा ना. मी बघितलं. वर्तुळं तशीच आहेत. बदाम आठ केले.

१३ डिसेंबर, बुधवार

गणितात पंचवीसपैकी तेवीस! मॅडमनी वहीत शाबास लिहिलं आहे. आता बोला. उल्हासना जिन्यात गाठून सांगितलं. ते म्हणाले, अभिनंदन, औषध लागू पडलेलं दिसतंय, आणि खो खो हसत वर गेले. पराभव असा हसून लपवतात.

कल्पना सुचली. काला अंबला मंडळाची चाळीस-पन्नास माणसं असतात. तिथे वृंदाचं प्रात्यक्षिक. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता लावायचा, वीस फुटांवरून तिने वाचायचं, मी चार शब्द बोलायचे.

१७ डिसेंबर, रविवार

मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांना भेटलो. दहा मिनिटं मागितली. ते म्हणाले, श्यामकांत, काला अंबला आपण डोकं टेकवायला जातो, डोळे तपासायला नाही. तासभर बसलो. शेवटी कंटाळून हो म्हणाले. जेवणानंतर, पाच मिनिटं, आणि तक्ता स्तंभाच्या आसपास नाही, बसला लावायचा.

घरी सांगितलं. वृंदा म्हणाली, बाबा, नको ना, प्लीज. विनय चांगला, पण किती. कुमुद म्हणाली, जरा बसा, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी म्हटलं, संक्रांतीनंतर. आत्ता मला भाषणाचे मुद्दे काढायचे आहेत.

७ जानेवारी १९७९, रविवार

स्वतःचा आढावा. तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर मी वाचतो. ते कुठलं आहे हे माहीत आहे, हा भाग वेगळा. दुसरी ओळ वृंदाच्या सरावामुळे पाठ झाली. तिसऱ्या ओळीचं ठिकाण माहीत आहे.

एक आठवडा उरलाय म्हणून मार्गदर्शनाला शिबिरात गेलो. पार्क रिकामं. माळी म्हणाला, वो तो मेरठ चले गये, दो हफ्ते हुए. खोक्याबद्दल विचारलं. तो भी गया. मागे एक पत्ताही ठेवला नाही माणसाने. मोठ्या माणसांना प्रचारासाठी फिरावं लागतं हे मान्य, पण निरोप?

घरी येताना दोनदा ठेच. कुमुदला काही सांगितलं नाही. माझं राहिलं तर राहिलं, वृंदा पुरेशी आहे. पोरीच्या डोळ्यांसमोरचा फळा स्वच्छ झाला, हे तर कुणी नाकारू शकत नाही.

संध्याकाळी वृंदा आपणहून आली. म्हणाली, ठीक आहे बाबा, वाचते मी. सगळ्यांसमोर वाचते. आवाज जरा करडा वाटला. परीक्षेचा शीण.

१४ जानेवारी, रविवार. रात्री ९

लिहायचं नव्हतं. लिहितो.

पहाटे साडेपाचला बस निघाली. सोनीपतच्या पुढे ड्रायव्हरने दिवे लावून गाडी मुंगीच्या पावलाने नेली. सगळे म्हणत होते, काय धुकं, काय धुकं, हातभर दिसत नाही. मला काही फरक जाणवला नाही.

अकराला पोचलो. स्तंभाला हार, दोन मिनिटं शांतता. भाऊसाहेब थोडं बोलले. छावणीतून सुभेदार शहाजी आपले दहाबारा जवान घेऊन ट्रकने आले होते. सगळ्यांनी मिळून पुरी-भाजी, तिळगूळ. तोवर ऊन पडलं.

मग मी तक्ता बसला बांधला. वीस फूट पावलांनी मोजले, वृंदाला उभं केलं. मी बोललो. छान बोललो. तंबाखूचा धूर, जळवा, रेडियम सगळं सांगितलं, की अशा भोंदूगिरीत जग फसत होतं तेव्हा आपल्याकडे काय होतं. तीन महिन्यांपूर्वी या मुलीला फळा दिसत नव्हता. आज, कुठल्याही कुबडीशिवाय, कुठल्याही काचेशिवाय, बघा. असं म्हणून मी हात तिच्याकडे केला.

मागे कुजबुज झाली. कुणी तरी हसलं, कुणी तरी त्याला गप्प केलं. वृंदाने वाचायला सुरुवात केली. खणखणीत. वरपासून खालपर्यंत न अडखळता, शेवटी छापखान्याचं नावसुद्धा. मी टाळ्यांची वाट बघत होतो. टाळ्या नाहीत.

सुभेदार शहाजी म्हणाले, सायब, रागावू नका, पण चष्मा लावल्यावर माजी म्हातारीबी वाचंल की.

मी विचारलं, कुणी लावलाय चष्मा?

बसने उल्हासही आले होते. उल्हास निदान हसले असते तर बरं झालं असतं.

वृंदा चालत माझ्याकडे आली. हातभर अंतरावर वर्तुळं दिसली, रोजच्यासारखी. ती आणखी जवळ आली, माझ्या तोंडाशी तोंड आणून उभी राहिली. वर्तुळांना काड्या होत्या. त्या कानांपर्यंत गेल्या होत्या. ती म्हणाली, बाबा, ऑक्टोबरपासून.

भाऊसाहेबांनी तक्ता सोडून गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, चला, बसायचं ना? येताना सगळा रस्ता खिडकीतून बाहेर बघत बसलो, म्हणजे तोंड तिकडे करून.

१५ जानेवारी, सोमवार

रजा टाकली. कुमुदला विचारलं, मला आधी का सांगितलं नाही? ती म्हणाली, रोज वाटायचं आज तुम्हाला दिसेल. पहिले चारपाच दिवस तुम्ही आलात की ती काढून ठेवायची. एक दिवस विसरली, तर तुम्ही म्हणालात वर्तुळं आली, बदाम द्या. आम्ही काय बोलणार? मग दिवाळीत सांगू म्हटलं. पण तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिचं कौतुक सांगत सुटलात. आजवर तिचे मार्क विचारायच्या पलीकडे तिच्याशी बोलला नव्हतात तुम्ही. तीच म्हणाली, आई, राहू दे आणखी थोडे दिवस.

यावर मी एवढंच म्हटलं की पद्धतीत दोष नसावा, माझं झुलणं कमी पडलं. कुमुद म्हणाली, अहो. पुढे काही नाही, नुसतं अहो.

शाळेची वेळ झाली तेव्हा वृंदा दाराशी थांबली. म्हणाली, बाबा, चार वाजता तयार राहा. मी घेऊन जाते.

१६ जानेवारी, मंगळवार

काल डॉक्टरांकडे गेलो. उणे सव्वासात. डॉक्टरांनी विचारलं, मधे चष्मा वापरत नव्हतात का? वृंदा म्हणाली, प्रयोग करत होते. मला वाटलं होतं ती सगळं सांगेल.

तिथून चष्म्याच्या दुकानात. एकतीस वर्षं चष्मा लावणाऱ्या माणसाला आरशात फ्रेम कशी दिसते ते कधीच दिसत नाही, कारण निवडताना तिच्यात नंबरची काच नसते. आरशात नुसतं माझ्या आकाराचं धुकं होतं. दुकानदार एकेक फ्रेम नाकावर चढवत होता, वृंदा नको, नको म्हणत होती. एक फ्रेम चढवली तेव्हा ती म्हणाली, ही घ्या बाबा. विचारलं, बरी दिसते? म्हणाली, बिल्कुल. घेतली.

२० जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६

चष्मा मिळाला. लावून थेट ऑफिसात गेलो. सगळं दिसलं. अंडर सेक्रेटरी तोंडावर रुमाल धरून खोकत होते. टायपिस्ट मुली एकमेकींना कोपरं मारत होत्या. परत येताना जिन्यात उल्हास भेटले. त्यांनी मला नीट पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, श्यामकांतराव, ही फ्रेम लेडीज आहे.

घरात आलो. आरशात पाहिलं. दोन्ही टोकांना वर वळलेली आहे, कडेला चांदीचे ठिपके.

वृंदा टेबलाशी गणितं करत होती. पाय वर घेऊन बसते, पेन्सिल केसांत खोचते, हे मला माहीत नव्हतं. तिची फ्रेम साधी, तपकिरी. तिला विचारलं, ही कसली फ्रेम निवडलीस? वहीतून मान वर न करता ती म्हणाली, बाबा, दिसतंय ना तुम्हाला?

दिसतंय, म्हटलं.